वांग्याची गाय

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कमलबाईंच्या घरी जपानची सून आली, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला बरेच दिवस तेवढाच विषय पुरला. सम्यक नागोयाला नोकरीला होता. तिथेच त्याने नात्सुमीशी लग्न केलं आणि आता ऐरोलीच्या ऑफिसात काम मिळवून तो तिला घेऊन आईकडे राहायला आला होता. नात्सुमी मराठी बोलायची. एकेक शब्द आधी मनात तपासून, सावकाश, पण बोलायची.

तिच्या सवयी कमलबाईंना हळूहळू कळत गेल्या. दारात कुणी चपला काढल्या की ती मागून येऊन त्या फिरवून ठेवी, तोंडं बाहेरच्या बाजूला. "अगं, माणूस आत्ता तर आलाय, लगेच त्याला रस्ता दाखवतेस?" कमलबाई म्हणायच्या. आंघोळ ती संध्याकाळी करायची. दिवसभराचा घाम घेऊन अंथरुणात कसं शिरायचं, असं तिचं म्हणणं. पारोशाने स्वयंपाकाला कसं लागायचं, असं कमलबाईंचं. एकदा कमलबाईंनी भाताच्या वाटीत चमचा उभा खोचला, तर नात्सुमीने चटका बसल्यासारखा तो काढून आडवा ठेवला. असं उभं खोचतात ते फक्त मेलेल्या माणसाच्या भातात, म्हणाली.

एका संध्याकाळी दिवे लागल्यावर सम्यक नखं कापायला बसला आणि दोघी एकदमच "नको" म्हणाल्या. मग दोघींना हसू आलं.

"तुमच्याकडे पण नाही कापत?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही. रात्री नखं कापली तर आईबाबांच्या शेवटच्या वेळी मुलगा जवळ नसतो," नात्सुमी सहज बोलून गेली.

सम्यकने नेलकटर खाली ठेवलं आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आपण काय बोललो ते नात्सुमीला तेव्हा समजलं.

धोंडिराम, म्हणजे कमलबाईंचे मिस्टर, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. जालन्याकडून तरुणपणी आलेला माणूस, जन्मभर विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. रविवारी विहारात पोरांना गोळा करून शिकवायचे. भूत नाही, करणी नाही, अंगात येणं नाही. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेताना श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती आणि धोंडिरामांनी ती अक्षरशः पाळली. अशा माणसाला अॅम्ब्युलन्स घेऊन गेली ती गेलीच. कमलबाई स्वतः तापाने फणफणलेल्या, घरात बंद. सम्यक नागोयात, विमानं बंद. दवाखान्यातून परस्पर सगळं उरकलं गेलं. घरी आली ती एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात चष्मा, टॉवेल आणि बंद पडलेला मोबाईल.

कमलबाई तेव्हा रडल्या नाहीत. अंगात ताकद नव्हती, आणि नंतर ती वेळ निघून गेली.

नात्सुमीने आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या धोंडिरामांच्या फोटोखाली एक छोटी फळी ठोकून घेतली. रोज सकाळी कुकर उघडला की पहिला चमचाभर भात एका इवल्या वाटीत, सोबत पाणी, मग बोटभर घंटी एकदा वाजवायची आणि म्हणायचं, "बाबा, जेवा."

"त्यांना हे चालायचं नाही गं," कमलबाईंनी सांगून पाहिलं.

"मग बाबा उपाशी?"

आपण हे करत नाही, सून करते, अशी कमलबाईंनी मनाची समजूत घातली.

ऑगस्ट उजाडला. तेरा तारखेला नात्सुमीने बाजारातून एक काकडी आणि एक लांबट वांगं निवडून आणलं. दोघांना चार-चार आगकाड्या खोचून पाय केले आणि दारात उंबऱ्याशी मांडून ठेवलं. समोरच्या शेजारणीने, सुगंधाने, दार उघडलं आणि तिची किंकाळीच फुटायची राहिली.

"कमलताय! ह्या काय गे दारात? वांग्याक काड्ये टोचलेत! कोणी करणी केल्यान काय तुझ्यार?"

कमलबाईही दोन पावलं मागे सरकल्या होत्या. गावाकडे असलं काही वाटेत दिसलं की आई त्यांना ओढत लांबून न्यायची. पण नात्सुमी हसतमुखाने बाहेर आली आणि तिने सांगितलं. या दिवसांत त्यांच्याकडे गेलेली माणसं घरी येतात. काकडी म्हणजे घोडा, लवकर यावं म्हणून. वांगं म्हणजे गाय, जाताना सावकाश जावं म्हणून. संध्याकाळी दारात थोडा जाळ करायचा, म्हणजे त्यांना घर सापडतं.

"म्हंजे आमचो म्हाळच मगे," सुगंधा म्हणाली. "आमी कावळ्याक वाडतंव, तुमी काकडेक बसयतात." तरी दार लावताना तिने त्या काकडीकडे पाठ केली नाही.

सम्यक कानकोंडा झाला. "आई, तुला नको असेल तर मी सांगतो तिला. पप्पांना तर अजिबातच..."

"राहू दे रे," कमलबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन बोलल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तिन्हीसांजेला नात्सुमीने जुन्या तव्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या. धूर जिन्यात उतरला, वळला आणि पुन्हा वर आला. नात्सुमी वाकून काहीतरी म्हणाली. कमलबाई दाराआड उभ्या होत्या. मनात म्हणत होत्या, हे सगळं खोटं आहे, तुम्हीच सांगितलंय मला. आणि त्याच वेळी पदराने त्यांनी धोंडिरामांच्या खुर्चीवरची धूळ झटकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमची कडी लागण्याआधी कुणीतरी दोनदा खाकरलं.

सम्यक झोपलेला होता. नात्सुमी ओट्यापाशी होती. कमलबाईंच्या हातात चहाचं पातेलं होतं. ते त्यांनी हलूही दिलं नाही. धोंडिराम आत कुणी आहे का बघायला असेच खाकरायचे, घरात दुसरं कुणी नसलं तरी.

मग ते घरभर जाणवू लागले. गॅलरीतली लोखंडी खाट दुपारी कुरकुरायची, बसताना एकदा आणि पाय वर घेताना एकदा. धुतलेल्या टॉवेलला मशीनच्या तेलाचा वास यायचा. कमलबाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी चहात एक कप पाणी जास्त घातलं. स्वातंत्र्यदिनी खाली झेंडावंदनाला सगळी बिल्डिंग जमली, त्या मात्र गेल्या नाहीत. खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि धोंडिरामांच्या पश्चात काय काय झालं ते हळू आवाजात सांगत राहिल्या. सम्यकचं लग्न, पाण्याची नवी लाईन, विहाराला रंग दिला ते. किती वर्षांनी त्यांना कुणी मध्येच तोडत नव्हतं.

"उद्या बाबा परत जातात," संध्याकाळी नात्सुमी म्हणाली. "उद्या पुन्हा जाळ करायचा."

दुसऱ्या दिवशी सम्यक कामावर गेला, नात्सुमी लॅपटॉपवर मीटिंगला बसली. कमलबाईंनी दारातलं वांगं उचललं. आगकाड्या उपसल्या. चार दिवसांत ते थोडं सुरकुतलं होतं. त्यांनी ते चिरलं, मीठपाण्यात टाकलं, शेंगदाण्याचं कूट आणि काळं तिखट घालून रस्सा केला.

जेवताना नात्सुमीने दोन घास खाल्ले. मग तिने दाराकडे पाहिलं. तिथे काकडी एकटीच उभी होती.

"आई, हे वांगं..."

"हो."

नात्सुमीने घास गिळला की तोंडातच धरला ते कळेना.

"मग बाबा कसे जाणार?"

"नाही गेले तर काय होतं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे असं कुणी करत नाही."

संध्याकाळी तिने तरीही जाळ केला. या वेळी धूर जिन्यात उतरला नाही. सगळाच्या सगळा घरात शिरला आणि छताखाली बसून राहिला. पडद्यांना तो वास कितीतरी दिवस होता.

धोंडिराम राहिले. पण राहिले ते निराळेच. खाट कुरकुरेनाशी झाली. खाकरणं गेलं आणि त्या जागी श्वास आला. आत ओढताना बारीक शिट्टी वाजावी तसा, मध्येच अडकणारा. हा श्वास कमलबाईंनी ऐकलेला होता. अॅम्ब्युलन्सची वाट बघत असताना ऐकलेला. कमलबाई घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याचे पेले भरून ठेवू लागल्या. "घ्या हो, घोटभर घ्या," म्हणू लागल्या. पेले तसेच राहायचे, वर धुळीची साय धरायची.

मग त्यांनाच दम लागू लागला. जिना चढताना, पीठ मळताना. सम्यक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. छातीचा फोटो स्वच्छ होता, बोटाला लावलेल्या यंत्रात आकडा चांगला होता. "टेन्शन घेऊ नका आजी," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर सम्यकने विचारलं, "आई, काय होतंय तुला? नीट सांग ना."

"काही नाही रे. उकडतंय."

त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं. तो घरातून फिरायचा, टीव्ही लावायचा, श्वासाच्या अंगावरून जायचा. कमलबाईंना वाटायचं, एकट्या आपल्यालाच. पण एका दुपारी त्या भांडी पुसत होत्या आणि नात्सुमी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा दारात बसलेत."

कमलबाईंनी वळून पाहिलं. दिसलं काही नाही. पण आवाज तिथूनच येत होता, जमिनीलगत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूने. आणि दाराची खालची कडी थोडी वर व्हायची, थोडी खाली पडायची. वाऱ्याने होत असेल. पण वारा नव्हता.

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. त्यांना जायचंय, आई. वाट कळत नाही."

कमलबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. इतके दिवस त्या मनाशी म्हणत होत्या की माणूस आपल्यासाठी थांबलाय. भूत नाही, भूत नाही म्हणून जन्मभर पोरांना सांगणारा माणूस, आणि आपण त्याला धरून, कोंडून त्याचंच भूत केलं. त्यांना धोंडिरामांचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, रागावलेला नव्हे, थकलेला. कमल, काय केलंस गं हे?

"दुसरं वांगं आणू?" नात्सुमीने विचारलं.

"नको. गाय नको आता. मीच पोचवते."

रविवारी सकाळी त्या पांढरी साडी नेसल्या. फोटोसमोर, वरच्या बुद्धांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणाल्या. आवाज मध्येमध्ये तुटत होता, नात्सुमी मागून तिच्या उच्चारांत तेच शब्द म्हणत होती; ते तिला आधीपासून येत होते, तिकडच्या थोड्या वेगळ्या चालीत. सम्यक गोंधळून बघत होता. त्याला एवढंच सांगितलं होतं की आई पप्पांना निरोप देते आहे. मग तोही हात जोडून बसला.

कमलबाईंनी दार सताड उघडलं.

"चला," त्या म्हणाल्या.

जिन्यात त्या भिंतीच्या बाजूने चालल्या, कठड्याची बाजू मोकळी सोडून. प्रत्येक वळणावर थांबल्या. शिट्टीसारखा श्वास बरोबर होता. पहिल्या मजल्यावर तो फार अडकला, तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "घाई नाही हो. बसा जरा." खालून दूधवाला वर येत होता, तो बाजूला झाला. बाई एकट्या कुणाशी बोलतायत म्हणून त्याने पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेला.

गेटपाशी त्या थांबल्या. अॅम्ब्युलन्स इथेच उभी होती, त्या दिवशी. धोंडिराम स्वतःच्या पायांनी चालत इथवर आले होते आणि कमलबाई वर गॅलरीत पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी वर बघून हात केला होता आणि म्हणाले होते, "येतो गं." आपल्याकडे जातो म्हणत नाहीत. दारातून निघणारा प्रत्येक माणूस येतोच म्हणतो. तेव्हापासून कमलबाईंनी तो शब्द धरून ठेवला होता. दिलेला शब्द धरावा तसा.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला खाली येऊ दिलं नाही तेव्हा. नाहीतर आले असते. तुमच्याबरोबर गाडीत बसले असते." त्यांनी गेट धरलं. "मी बरी आहे. सम्यक आलाय. पोरगी चांगली आहे. तुम्ही जा आता. येतो म्हणू नका. नुसतं जा."

समोरून एक रिक्षा गेली. गेटसमोर पडलेलं कुत्रं उठून उभं राहिलं आणि, कुणाला तरी वाट द्यावी तसं, बाजूला झालं. मग श्वास ऐकू येईना. कमलबाईंनी खूप कान दिला. मार्केटकडून भाजीवाल्यांचे आवाज येत होते, लांब हायवेवरची गाड्यांची घरघर, आणि स्वतःच्या छातीतला श्वास, सरळ, न अडकणारा.

त्या तिथेच गेटला धरून रडल्या. मोठ्याने, लाज न बाळगता. सुगंधा गॅलरीतून बघत होती ती धावत खाली आली आणि काही न विचारता त्यांना धरून उभी राहिली.

वर आल्यावर नात्सुमीने ताट वाढलं. कमलबाई जेवल्या, पोटभर जेवल्या. दुपारी गॅलरीतल्या खाटेवर आडव्या झाल्या. बसताना एकदा कुरकुरली, पाय वर घेताना एकदा. त्या दचकून उठून बसल्या. पण ती खाट त्यांच्याच वजनाने वाजली होती. सम्यक आत घोरत होता, नात्सुमी कपडे घडी करत होती. कमलबाईंनी पुन्हा पाठ टेकली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिल्या. घर रिकामं होतं, आणि ते रिकामं आहे हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं.