शिष्याच्या हातचं पत्र

माफीपत्राचा दुसरा परिच्छेद सुरू झाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'आपणा सर्वांच्या भावना दुखावल्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक...' आमचे हे असं बोलत नाहीत. यांना माफी मागायची असली की मान खाली घालून एवढंच म्हणतात, 'चुकलं माझं.' लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्या तोंडून 'अंतःकरणपूर्वक' मी एकदाही ऐकलेलं नाही.

पत्र वाचत होता तो यांचाच विद्यार्थी. धर्मशिक्षण विद्यालयात यांनीच त्याला शिकवलं आणि आता तिथेच तो यांच्या हाताखाली शिकवतो. परीक्षेच्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात पुस्तकं पसरून बसायचा, माझ्या हातचं जेवायचा. तोच आज चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी, भरल्या मंडळीसमोर, यांच्या नावाने माफी मागत होता. आणि हे माझ्या शेजारी बाकावर बसून चष्मा पुसत होते.

गुन्हा काय, तर शिकवलं. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली पत्रं हा यांचा विषय. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या नावावर जी पत्रं आहेत, त्यांतली काही त्याने स्वतः सांगून लिहवून घेतली, आणि काही त्याच्या मागे त्याच्या शिष्यांनी त्याच्या नावाने लिहिली असावीत, असं हे वर्गात सांगत. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांतले शब्द वेगळे, वाक्यांची चाल वेगळी, मंडळीचा कारभारही पुढच्या काळातला वाटतो. जगभरातले अभ्यासक यावर वाद घालत आलेत. हे तर वर असंही सांगत, की शिष्यांनी लबाडी म्हणून नव्हे, गुरूचा शब्द जिवंत राहावा म्हणून लिहिलं असेल. पण बायकांनी मंडळीत गप्प बसावं हे त्याच पत्रांतलं वचन कदाचित पौलाचं नसेलच, एवढं वाक्य कुणीतरी विश्वस्तांच्या कानावर घातलं, आणि झालं.

प्राचार्य घरी आले होते. चांगला माणूस आहे, निदान त्यांना स्वतःला तसं वाटतं. दोन ओळी लिहून द्या, नोकरी राहील, क्वार्टर राहील, म्हणाले. हे 'नाही' म्हणाले, आवाजसुद्धा न चढवता. मी हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते, वेळ आली तर डॉक्टरांनाही फैलावर घेते, पण यांच्या त्या थंडपणापुढे मी हात टेकलेत. ते गेल्यावर मी म्हटलं, चिडा ना हो, एकदा तरी टेबलावर हात आपटा.

"टेबलाचं काय चुकलं?" हे म्हणाले.

मग विश्वस्तांनी परस्परच तोडगा काढला. यांच्या नावाने माफी लिहायची, वाचून टाकायची आणि प्रकरण मिटवायचं. यांनी फक्त मूग गिळून बसायचं. आज दारातच प्राचार्यांनी यांचा हात हातात घेऊन, उपकार केल्यासारखं, हे सांगितलं होतं. दुसऱ्याच्या नावाने कुणी पत्र लिहिलं असेल असं म्हणाले म्हणून ज्यांना धरलं, त्यांच्याच नावाने ही माणसं पत्र लिहून मोकळी झाली. आणि कुणाला काहीच वाटेना. पुढच्या बाकावरच्या एक मावशी तर डोळे पुसत होत्या.

मी उठायला लागले. यांनी मला खाली दाबलं. मला वाटलं, हा माणूस हेही गिळणार. त्या क्षणी मला विश्वस्तांपेक्षा यांचाच जास्त राग आला. आणि मग हे स्वतः उभे राहिले.

"थांब जरा," हे म्हणाले. "हे तू लिहिलंस ना?"

तो वाचायचा थांबला. कान लालबुंद. प्राचार्य लगबगीने पुढे आले, सर, बसा, आपण नंतर बोलू, म्हणू लागले. यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"पौलानं रोमकरांना पाठवलेल्या पत्रात ते लिहून घेणाऱ्यानं शेवटी स्वतःचं नाव घातलंय," हे वर्गातल्याच आवाजात म्हणाले. "हे पत्र मी लिहिलं, माझाही नमस्कार घ्या, म्हणून. तुला शिकवलंय मी ते. तेवढं कर. खाली तुझं नाव घाल, मग खुशाल वाच."



"म्हणजे ही माफी तुम्हाला मान्य नाही?" प्राचार्यांनी विचारलं. या प्रश्नाचा अर्थ तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होता.

"मी मागितलेलीच नाही."

नोकरी गेली, घर गेलं. हे बाकातून बाहेर पडून चालू लागले. तो धावत मागे आला. सर, मला लिहायला सांगितलं, मी काय करणार, मी अजून कायम झालेलो नाही, असं काहीबाही बोलत राहिला. मी त्याला चांगलं फाडून खाणार होते, पण हे थांबले.

"त्या शिष्यांनी प्रेमानं लिहिलं होतं रे," हे म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

एवढंच? मी तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. रस्त्यावर आल्यावर ते सगळं यांनाच ऐकवायचं म्हणून मी यांचं मनगट धरून यांना थांबवलं. वॉर्डातल्या सवयीने बोटं आपोआप नाडीवर गेली. चेहरा नेहमीसारखाच होता, आणि नाडी इतकी धावत होती की मोजता येईना. मी मनगट तसंच धरून यांच्याबरोबर चालत राहिले.