ढील

आमचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. जिन्यात न मावणारं कपाट खिडकीतून दोरीने खाली सोडायचं, हे त्यातलं सगळ्यात जिकिरीचं काम, आणि ते दाजींचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. खिडकीखालच्या भिंतीला पाय टेकवून बसतात, दोरी कमरेमागून घेतात आणि तसूतसूने सोडतात. दोरी सैल पडली की ओझं हिसका मारतं. त्यांच्या हातात ती सैल पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग मालकाने आपला जावई आणून आमच्या उरावर बसवला. जावयाला व्यायामाचं वेड. त्याने मनगटाएवढा जाड दोरखंड गोदामाच्या खांबाला अडकवला आणि फर्मान काढलं: दोन्ही टोकं दोन हातांत धरून मिनिटभर आपटायची, लाटा खांबापर्यंत गेल्या पाहिजेत. ज्याच्या जाणार नाहीत त्याने सोमवारपासून घरी बसायचं. दिवसभर पाठीवर फ्रीज वाहणाऱ्या माणसांची म्हणे ताकद तपासायची! ती काय आम्ही भाड्याने आणत होतो?

सकाळी गाडी निघायच्या आधीच परीक्षा ठेवली. मी कसाबसा सुटलो. दाजींनी टोकं धरली आणि सवयीने दोन पावलं मागे सरकले. दोरखंड ताठ झाला. आपटायला गेले तर नुसता थरथरला. लाट राहिली बाजूला, सुरकुतीही उठेना.

"काका, मासे धरताय का?" जावई म्हणाला. सगळे हसले. "पुढे या. ढील द्या."

दाजी पुढे आले. हात उचलले, दोरखंड सैल पडला, आणि पाय परत मागे.

"वय झालं की व्हायचंच. जा, पाणी पिऊन या. शेवटची संधी."

नळापाशी मी म्हणालो, "दाजी, पलीकडे खांब आहे. तो काय खाली पडणार आहे?"

"मला कळतंय रे. हातांना कोण सांगणार?"

"मग ताईला तुम्हीच सांगा, सोमवारपासून घरी आहे म्हणून."

"त्यापेक्षा तो खांब डोक्यात पडलेला परवडला."

दुसऱ्या खेपेला मी त्यांच्या पाठीला पाठ लावून उभा राहिलो. मागे सरकायला जागाच ठेवली नाही. ते मागे रेटत होते, मी रेटून धरत होतो. मग आपटल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि गोदामात धूळ उठली. त्यांचा श्वास माझ्या पाठीत वाजत होता. मिनिट केव्हाच सरलं असणार, पण जावई ओरडत राहिला, "अजून! अजून! बघा, जमतंय की!"

दाजी पास झाले. टोकं खाली ठेवायला गेले तर बोटं उघडेनात. मी एकेक करून सोडवली.

तासाभरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लाकडी कपाट, दारांना आरसे. दाजी जागेवर बसले, दोरी कमरेमागून घेतली, आम्ही कपाट खिडकीबाहेर लोटलं. एक मजला नेहमीसारखं उतरलं. मग एकदम हातभर घसरलं आणि हिसका बसून थांबलं. खाली बाई किंचाळली. कपाट तिचंच होतं.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांचे दंड उडत होते. चेहरा राखेसारखा.

"मेव्हण्या," ते हळूच म्हणाले, "मागून धर. माझ्याच्याने नाही व्हायचं."

इतक्या वर्षांत त्यांनी ही दोरी कोणाच्या हातात दिली नव्हती. मी मागे बसलो, त्यांच्या हातांमागे माझे हात ठेवले. दोरी ओली लागली. त्यांच्या तळव्यांची सालटं गेली होती.

गाडीबरोबर आलेला जावई किंकाळी ऐकून वर धावला आणि दारातूनच ओरडला, "एका माणसाच्या कामाला दोघं कशाला? आत्ताच पास झालाय ना तो?"

तोंडाशी आलेली शिवी मी गिळली. शिवी द्यायलाही दम लागतो, आणि कपाट अजून जमिनीला टेकायचं होतं.

"सोड," दाजी म्हणाले. "हळू. माझ्याबरोबर."