मीटरवरचं कुंकू

गुरुराजानं मारुती घेतली त्या वर्षी कुंभकोणमात आणखी पुष्कळांनी घेतली असेल, पण एवढं कुंकू दुसऱ्या कुठल्याच गाडीला लागलं नसेल. पूजेच्या दिवशी त्याच्या बायकोनं, वेदवतीनं, चाकांना लावलं, आरशाला लावलं, आणि तरी हौस फिटेना म्हणून स्टिअरिंगमागच्या मीटरवर जे पारदर्शक प्लास्टिक असतं त्यावरही चांगले बोटभर टिळे ओढले. गुरुराजाची थोरली विधवा बहीण वेंकटलक्ष्मी तेव्हा कोठीच्या खोलीत होती. नव्या गाडीपुढं तिचं तोंड नको, म्हणून तिला डाळ निवडायला बसवलं होतं. डाळ आदल्या दिवशीच निवडून झाली होती.

गुरुराज कॉलेजात इतिहास शिकवायचा. समाजसुधारणेवर बोलायला लागला की पोरं भारावून जात. घरी येताना मात्र तो सगळी सुधारणा स्टाफरूमच्या कपाटात कुलूपबंद करून येई.

आक्काला, म्हणजे वेंकटलक्ष्मीला, एवढंच हवं होतं: कार्तिकी अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीवर स्नान; त्या दिवशी त्या विहिरीत गंगा येते म्हणतात. बसच्या रेटारेटीत तिचे गुडघे आता टिकत नव्हते. "गाडी आली कीं नेतों," असं भावानं कबूल केलं होतं. गाडी आली, पण आक्कासाठी तीत जागाच उरेना. कधी वेदवतीची बहीण, कधी भाजीची टोपली. टोपलीलासुद्धा खिडकी मिळे, आणि आक्काच्या अंगाचा तिळपापड होई.

मग त्या कुंकवानंच घात केला. उन्हात वाळून ते प्लास्टिकला असं चिकटलं की पेट्रोलचा काटा दिसेना. तिरुनागेश्वरम्‌च्या देवळातून परतताना पेट्रोल संपून गाडी भर रस्त्यात थांबली. जरीच्या धोतरात प्राध्यापकमहाशय गाडी ढकलताहेत, शेजारी रेशमी साडी सावरत वेदवती ढकलतेय, आणि यात्रेकरू फुकटचे सल्ले देताहेत, ही हकीकत दूधवाल्यानं आक्काला सांगितली. आक्कानं ती पुन्हा सांगायला लावली.

डाग पुसायलाच हवे होते. पण पुसणार कोण? गुरुराजानं फडकं उचललं, तर वेदवतीनं त्याचं मनगट धरलं. "कुंकू पुसायचें? माझें सौभाग्य काय रस्त्यावर पडलें आहे?" गॅरेजवाल्या नटराजानं लांबूनच हात जोडले. शेवटी नवराबायको कोठीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आक्का, तुम्हीच पुसा कीं," वेदवती लाडात म्हणाली. "तुम्हांस काय..."

पुढचं तिनं गिळलं. आक्काला ते बरोबर ऐकू आलं. पुसायला विधवा चालते, बसायला नाही!

ती उठली. खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या साडीची मऊ चिंधी घेऊन बाहेर आली, आणि थेट स्टिअरिंगमागं जाऊन बसली. तिथं बसल्याशिवाय मीटरला हात पोचत नव्हता, त्यामुळं कुणाला काही म्हणता येईना.

"नखानें खरवडूं कां?" गुरुराजानं विचारलं.

"नको रे. चरे पडून प्लास्टिक आंधळें होईल. तेल मुरूं दे."

तेलानं डाग सुटत गेले. साबणाच्या पाण्याचा हात फिरला, आकडे दिसू लागले. मग पूजेपासून समोर गाडीतच ठेवलेली वेदवतीची कुंकवाची डबी आक्कानं उचलून मांडीवर घेतली.

"उद्यां अमावास्या. मज पुढें बसून यायचें आहे."

"उद्यां टोपल्या आहेत ना, आक्का," वेदवती म्हणाली.

"बरें तर." आक्कानं डबीत बोट बुडवलं. "जसें होतें तसें लावून देत्यें. माझ्या हातानें."

वेदवती अशी किंचाळली की शेजारची माणसं बाहेर आली. "पुढेंच बस, आक्का, पुढेंच बस!" गुरुराज ओरडला. सुधारणेच्या बाजूनं घरात तो पहिल्यांदाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी आक्का पुढं बसली. मागं वेदवती, तिच्या मांडीवर टोपली. गाडी निघाली तेव्हा गुरुराजानं मीटरकडं पाहिलं. सगळं लख्ख होतं, फक्त पेट्रोल संपत आल्यावर काटा जिथं येतो, नेमका तिथं एक लाल डाग शिल्लक होता.

"आक्का, हा राहिला कीं!"

"फार चिवट आहे तो," खिडकीबाहेर बघत आक्का म्हणाली. "पुढच्या खेपेस बघूं."