उभ्या गाडीचं रक्त

फाटकापाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं कुंपणावर चढली होती, टाचा उंचावून बघत होती, आणि सगळ्यांच्या नजरा आवारातल्या जुन्या, लांबलचक निळ्या गाडीच्या पोटाखाली लागल्या होत्या. तिथे फरशीवर लाल थेंब पडत होते. टप, मग जरा वेळानं पुन्हा टप.

"लोखंडाला कधी रक्त येतं का?" सारथीमहाराजांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "येतं. धन्याचा जीव अडकला की लोखंडालाही जखम होते."

या महाराजांची ख्याती वाहनांपुरती होती. रुसलेले ट्रक आणि हटून बसलेल्या स्कूटर ते म्हणे नुसत्या हातानं ताळ्यावर आणत. मेलेल्या माणसाच्या रागलोभात त्यांनी पहिल्यांदाच हात घातला होता, आणि हा धंदा ट्रकपेक्षा बराच जोरात चालला होता.

त्यांनी गेलेल्या धन्याच्या बायकोच्या, आईच्या हातातून चावी घेतली. चाकामागे बसून डोळे मिटले, ओठ हलवले, गाडी सुरू केली आणि 'धन्याला त्याचा रस्ता दाखवून आणतो' असं म्हणत आळीला एक फेरी मारली. परत येऊन त्यांनी गाडीखाली पांढरी चादर अंथरायला लावली. गर्दी वाकून बघू लागली. चादर पांढरीच्या पांढरी राहिली. बायकांचे हात आपसूक जोडले गेले आणि आई पायरीवर बसून रडायला लागली.

तिच्यामागे धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे या घरातली लेक. ती परगावी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. शेजारच्या काकूंनी फोन करून 'तुझ्या आईचं काही खरं दिसत नाही' असं सांगितलं, म्हणून ती हातातलं काम टाकून आली होती. आल्या आल्या तिनं फ्रिज उघडला होता. दारातल्या इन्सुलिनच्या बाटल्यांची सीलं शाबूत होती. आई तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती आणि अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते.

बाबा गेले त्या रात्री त्यांच्या छातीत दुखत होतं. आई म्हणाली होती, पित्त असेल, झोपा. ते झोपले आणि उठलेच नाहीत. हे वाक्य आईनं कुणालाही सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही. सांगितलं ते महाराजांना. त्यांनी ते नेमकं उचललं. तू त्याचं दुखणं ऐकलं नाहीस, आता त्याचं रक्त बघ, असं ते म्हणाले. आणि वर ही मेख मारली, की तू अंगात सुई टोचून घेत राहशील तोवर त्याची जखम भरणार नाही. शिवाय दुसऱ्या कुणी चावी फिरवली, तर या घरातलं आणखी एक माणूस जाईल.

गर्दी पांगल्यावर आईनं हे सारं सांगितलं, तेव्हा धाकटीला विलक्षण संताप आला. तिनं फरशीवरचे जुने थेंब कागदावर टिपले आणि आईपुढे धरले. रक्त असतं तर वाळून तपकिरी झालं असतं, ती म्हणाली. हे अजून लालच आहे आणि कागदावर डाग पसरतोय. तेल आहे हे, आई.

आईनं कागदाकडे बघितलंही नाही. "तेल आहे हे मला कळत नाही होय? इतकी वर्षं त्या गाडीत बसले मी. पण ते तुझे बाबा गेल्यावरच का गळायला लागलं, आणि महाराजांनी हात लावला की थांबतं का, ते सांग."

प्रश्न चोख होता. रागाच्या भरात आपण आईला भोळी समजलो, याची धाकटीला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उत्तर शोधत ती बाबांच्या मित्राकडे, गॅरेजवाल्या काकांकडे गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. शेवटी त्यांनी सांगितलं. गाडी ऑटोमॅटिक, बिनक्लचची. तिच्या गिअरबॉक्सचं तेल मुळातच लाल रंगाचं असतं, गळती कुठली ते ओळखता यावं म्हणून. गाडी चालते तेव्हा बरंचसं तेल वरच्या एका गोल डब्यात भरलेलं असतं. ती बरेच दिवस उभी राहिली की ते हळूहळू खालच्या थाळीत उतरतं. थाळी भरत भरत गिअरच्या दांड्याच्या भोकापर्यंत येते. त्या भोकाला रबराचं सील असतं, अंगठीएवढं. ते झिजलं असेल तर तिथून ठिबकतं. इंजिन सुरू केलं की तेल पुन्हा वर ओढलं जातं, थाळीतली पातळी सीलखाली उतरते आणि ठिबकणं थांबतं. मग काही दिवस शांतता.

"म्हणून बाबा दर रविवारी गाडी फिरवायचे?" धाकटीनं विचारलं. घरात सगळे त्याला बाबांचं खूळ म्हणायचे. पाऊस असो, पाहुणे असोत, आईला शेजारी बसवून ते एक चक्कर मारून यायचेच.

"सील बदलू म्हणून मी मागे लागायचो. तो म्हणायचा, राहू दे, या निमित्तानं ती माझ्याबरोबर बाहेर तरी पडते." काका थांबले. "महाराज इथे आला होता. त्या गाडीचं काय, असं सहज विचारलं. मीच सगळं सांगून बसलो. मग तमाशा सुरू झाला आणि मी गप्प राहिलो. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याची भक्त आहेत. तुझी आई सुई घेत नाही, हे मला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालं," धाकटी म्हणाली.

आई काही केल्या सुई घेईना. काही दिवसांनी थेंब पुन्हा सुरू झाले तसे महाराज आले, आणि त्यांच्यामागोमाग गर्दी. धाकटीनं चादर आधीच अंथरून ठेवली होती. महाराजांनी चावीसाठी हात पुढे केला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात धाकटी म्हणाली, "तुमच्या हातात शक्ती आहे ना, मग नुसता हात ठेवा. मंत्र म्हणा. गाडी मात्र सुरू करू नका."

महाराज हसले. पोरीच्या जातीनं परीक्षा घ्यायची नसते, शिकलेल्यांना असा गर्व होतोच, वगैरे बरंच बोलले. गर्दीतून धाकटीला गप्प बसवायला आवाज उठले. तेवढ्यात पायरीवरून आई बोलली. आवाज खोल गेलेला, पण सगळे थांबले.

"ठेवा ना महाराज, नुसता हात."

आता सुटका नव्हती. महाराजांनी बॉनेटवर हात ठेवला, मंत्र म्हटला, मग आणखी मोठ्यानं म्हटला. चादरीवर लाल थेंब पडतच राहिले. राग फार जुना आहे, ते म्हणाले, चावी द्या.

आईच्या मुठीत चावी होती. तिनं महाराजांकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि चावी धाकटीच्या हातात दिली.

"माणूस जाईल या घरातलं!" महाराज ओरडले.

"मग मीही बसते," आई म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत शेजारच्या, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. धाकटीनं मंत्र म्हटला नाही, डोळे मिटले नाहीत. आळीला एक फेरी मारून तिनं गाडी जागेवर आणली आणि नवी चादर अंथरली. चादर पांढरी राहिली. मग गॅरेजवाले काका पुढे आले आणि थाळी, तेल, सील सगळं समजावून सांगितलं, महाराजांना हे कुणी शिकवलं तेही. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. महाराज फाटकाबाहेर कधी सटकले ते कुणाला कळलं नाही. माणसं गुपचूप पांगली, कारण चादरीला जोडलेले हात त्यांचे स्वतःचेच होते.

काकांनी त्याच दिवशी गाडीखाली शिरून दांडा सोडवला, जुनं सील उचकटलं आणि नवं ठोकून बसवलं. जुनं त्यांनी आईच्या तळहातावर ठेवलं. रबर कडक होऊन त्याच्या कडेला चीर गेली होती. महाराजांचं सगळं साम्राज्य त्या चिरेत मावलं होतं.

चमत्कार पुढ्यात आला की हात जोडण्याआधी एवढंच करावं. करणारा जे जे करतो, त्यातली एकेक गोष्ट वगळून बघावी. मंत्र वगळला तरी चमत्कार होतो का? आणि चावी वगळली तर? हे विचारायला पदवी लागत नाही. आईनं आपला प्रश्न चोख विचारलाच होता. तिला उत्तर खोटं मिळालं, आणि ज्याला खरं माहीत होतं तो गप्प बसला.

संध्याकाळी आई ते सील बोटांत फिरवत बसली होती. "म्हणजे ते रागावले नव्हते," ती म्हणाली.

"गाडीनं तसं काही सांगितलं नव्हतं, आई."

"आणि माफही नाही केलं." आईनं सील मुठीत घट्ट धरलं. "त्या रात्री डॉक्टरला बोलावलं असतं तर वाचले असते का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. धाकटीच्या ओठांवर आलंही होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित. पण तुला जे तेव्हा वाटलं ते तू सांगितलंस. त्याची शिक्षा म्हणून तू मरावंस, असं त्यांना वाटलं नसतं. तुला बाहेर न्यायला मिळावं म्हणून त्यांनी ते झिजलेलं सील वर्षानुवर्षं बदललं नाही."

आई बराच वेळ रडली. धाकटीनं तिला रडू दिलं. मग आईनं डोळे पुसले आणि बाही वर सरकवली. धाकटीनं फ्रिजमधून बाटली आणून तिचं सील उघडलं.

"रविवारी फिरवायची ना गाडी?" सुई टोचताना आईनं विचारलं. आता गळत नाही, गरज नाही, असं धाकटी म्हणणार होती. ती हो म्हणाली.