मशीनवरची बाहुली

"बाबा, हिला हात कुणी लावला?"

मुलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची खोली होती, खोलीत काडेपेटीएवढं शिलाई मशीन आणि मशीनपुढे तारेला चिंध्या गुंडाळून केलेली वीतभर आई. खरी आई गेल्या वर्षी गेली. जन्मभर मान मोडून लोकांचे कपडे शिवणाऱ्या त्या बाईला, फिल्म बनवायला शिकणाऱ्या लेकीने पुन्हा मशीनवर बसवलं होतं. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. ते फोटो भराभर दाखवले की बाहुली शिवायला लागते. मध्येच कुणी ती हलवली, तर तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून.

काल काम थांबवलं तेव्हा बाहुली मशीनवर वाकलेली होती. आज ती खुर्चीला टेकून आरामात बसली होती. पाठीशी कापसाची उशीसुद्धा होती.

घरात संशयित एकच. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. टेबल अडल्यापासून बिचारे ओट्याशी उभ्यानेच जेवत होते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. आता त्यांनी चहाच्या कपात बघत कबुली दिली.

"रात्रभर वाकलेलीच राहिली असती गं. मान धरली असती तिची."

दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती. फिल्म उद्या संध्याकाळी द्यायची होती आणि मुदत वाढवून मागणाऱ्यांना सर दारातूनच वाटेला लावत. रडत बसायला तिला सवड नव्हती. तिने केस वर बांधले, पडदे ओढले, उशी काढली आणि बाहुली पहिल्या टाक्यापाशी नेऊन बसवली.

वडिलांनी कामावर जाऊन यायचं आणि आल्यावर मुकाट्याने दिवा धरायचा, असं ठरलं. मुलगी हट्टाला पेटली होती. पाठ भरून आली, डोळे चुरचुरले, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाहुली पुन्हा तशीच वाकली. यानंतर आई शिवत असतानाच दिवा विझणार आणि फिल्म संपणार होती.

मुलीने दिव्याच्या बटणाकडे पाहिलं. तिला एकदम तो शेवट नकोसा झाला.

"बाबा, इकडे या. परवा केलंत तसंच करा. फक्त केसभर, केसभर."

नुकतेच कामावरून आलेले वडील हात धुवायला निघाले. नखांत ग्रीस होतं.

"असेच चालतील," ती म्हणाली.

हात खोलीत आला. फोटो. मान जराशी वर. फोटो. वडिलांच्या कपाळावर घाम आला, पण हात जागचा ढळला नाही. उशी सरकली, बाहुली टेकली.

"झालं, बाबा. काढा हात."

"काढतो," ते म्हणाले.

बोट मात्र बाहुलीच्या मानेमागेच राहिलं. काहीच हललं नव्हतं, तरी तिने एक फोटो काढला. मग आणखी एक.