उजव्या कानातली बायको

दुकानात आमच्या दोघांच्या शिलाई मशिनी शेजारीशेजारी. लेकीने फोनवर भागाभागांनी ऐकायची एक अंतराळातली गोष्ट लावून दिली, तेव्हापासून इअरफोनचं डावं टोक माझ्या कानात आणि उजवं ह्यांच्या. गोष्टीतला नवरा यानातून ताऱ्यांपलीकडे गेलेला, बायको पृथ्वीवर. तो सारखा हाका मारायचा, ती आपली गप्प.

मी चिडायचे. "काय बाई आहे! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय नुसती."

"काहीतरीच! ती बिचारी एकटीच बोलतेय. घुम्यासारखा गप्प आहे तो तोच," हे म्हणायचे.

"कान गेलेत तुमचे!"

सदऱ्याला काजं-बटणं होईपर्यंत आमची जुंपलेलीच असायची.

शेवटचा भाग यायच्या आतच हे गेले.

परवा दुकान उघडलं. इअरफोनचं दुसरं टोक नुसतंच लोंबायला लागलं. बघवेना, म्हणून तेही कानात घातलं आणि गोष्ट पहिल्यापासून लावली. डाव्या कानात त्याने हाक मारली. उजव्या कानात तिने लगेच ओ दिली. प्रत्येक हाकेला दिली. एकच सदरा, आणि आम्ही एकेक बाही घालून भांडत बसलो होतो.

"अहो, बोलते हो ती," शेजारच्या मशीनकडे वळून मी म्हटलं. "तुमचंच खरं होतं."

आणि वेड्यासारखी इअरफोनची दोन्ही टोकं कानांतून काढली, ह्यांचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून.