चारीच्या दारावरचा पहारा

शेवगाव रस्त्याच्या फाट्यावर रास्ता रोको नेहमीच्या शिस्तीत पार पडला. आदल्या दिवशीच सगळे ठरले होते: घोषणा द्यायच्या, दोन्ही बाजूंना थोडी वाहने तुंबवायची, पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी आश्वासन द्यायचे, मग सर्वांनी आपल्या पायांनी पोलिसांच्या गाडीत चढायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. ठाणे आणि गाव यांच्यातला हा समझोता कित्येक उन्हाळे टिकला होता. निरोप्या असे गहिनीनाथ. नोकरीने पोलीस शिपाई, जन्माने याच गावचा.

सगळे उठले. भीमाबाई उठली नाही.

"मावशी, ऊठ. झालं."

"काय झालं? पानी आलं?"

"साहेब म्हनले, दोन दिसांत सोडतो."

"मंग दोन दिस बसते. भाकरी बांधून आनल्यात."

सरपंच बजरंग गाडीच्या पायरीवरून ओरडला, "अवो भीमाबाई, आता गाडीत बसायचं असतंय! दरसालची रीत हाय."

"मला कुनी सांगितली रीत? पानी येस्तोवर उठायचं न्हाई, असं तुमीच म्हनला हुता देवळापुढं."

तो तसे म्हणाला होता. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ते शब्दशः घेतले नव्हते, एवढेच.

आजवर आंदोलनाला तिचा नवरा जाई. तो दिवाळीत वारला. मोसंबीची बाग आणि रस्त्यावरची जागा, दोन्ही तिच्याकडे आली. दुपारी चुरमडलेले पान पहाटे उलगडले तर झाड वाचते. तिच्या बागेतली पाने आता पहाटेही उलगडत नव्हती.

"शिपाई," फौजदार वैतागून म्हणाले, "तुमची मावशी ना? आटपा."

बायकांना बायकांनीच उचलावे असा नियम आहे, आणि ठाण्याने धनश्री नावाची एकच पोलीस पाठवली होती. तिला एकटीला भीमाबाई हलेना.

गहिनीनाथ वाकला. "मावशी, हात लावू का?"

"लाव की. ल्हानपनी तुला म्याच उचलायची. तवा तू लई रडायचास."

ती हसली नाही. दोघांनी तिला उचलून गाडीत ठेवले. मागे राहिलेले भाकरीचे गाठोडे गहिनीनाथने परत जाऊन आणले.

आश्वासन खोटे ठरले नाही. दोन दिवसांत कालव्याला पाणी सुटले, मात्र बंदोबस्तात. वरच्या गावांना, उसाला आधी. शेपटाच्या, म्हणजे गावाकडे येणाऱ्या शेवटच्या चारीचे दार बंद. या चारीच्या दारावर गहिनीनाथची नेमणूक झाली. पाणी उताराने वाहते हे खरे, पण दार कोणाचे उघडायचे हे उतार ठरवत नाही.

भीमाबाई गाठोडे घेऊन आली आणि दाराजवळ भरावावर टेकली.

"उघड की रं."

"कुलूप हाय मावशी. किल्ली पाटकऱ्याकडं."

"पाटकरी कुठाय?"

"वरच्या चारीवर."

"मंग तू हितं कशाला?"

त्याने उत्तर मनात दोनदा जुळवून पाहिले. दुसरे सापडेना. "तू दार मोडू नये म्हनून."

तिने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "म्या व्हय?"

"फौजदारसाहेबांशी बोललो म्या. आपलीबी बाग हितंच हाय, म्हनलं."

"मंग?"

"म्हनले, मंग तर तुलाच उभा करतो. गावाला समजवायला सोपं."

"ग्वाड बोलतोय तुजा साहेब," ती म्हणाली आणि गाठोडे सोडले. "खा. सकाळधरनं उपाशी दिसतोस."

दोघांनी ठेचा-भाकरी खाल्ली. पुढून कालव्याचे पाणी चालले होते. गढूळ, काठोकाठ, जवळजवळ निःशब्द. बंद दाराच्या फळीखालून एक बारीक धार पाझरत होती. चारीत ती हातभर जाई आणि तडकलेली माती ती पिऊन टाकी. भीमाबाई तेच पाहत होती.

जेवण झाले. हात धुवायला ती पाण्याकडे वाकली, आणि गहिनीनाथची काठी आपसूक आडवी झाली.

ती थांबली. तोही थांबला. काठी मागे घ्यायला त्याला क्षणभर उशीर झाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि तिने हात पदराला पुसले. "तुजी नोकरी हाय."